मामाजी आमच्या घरी जेवत नाहीत

१९ मे, मंगळवार

धोंड्याचा महिना लागला. दुकानासमोर बिघडलेल्या कूलरांची रांग रस्त्यापर्यंत गेली, मले जेवायले फुरसत नाही, अन् जो येते तो विचारते, "काय भाऊ, सासरवाडीले कधी?" तुले काय करायचं बे? तू तुही मोटर घे अन् जाय.

या साली मी सोनाळ्याले जाणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून पाघळता येणार नाही.

मामाजी, म्हणजे माह्या बायकोचे, रेखाचे बाबा, दर धोंड्याले मले पोट फुटेस्तोवर खाऊ घालतात. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, वरून तेहतीस अनारसे डब्यात भरून. नको म्हटलं तरी आग्रह. अन् लग्नाले चौदा वर्सं झाली, हा माणूस माह्या खामगावच्या घरी पाण्याचा घोट घेत नाही! पोरीच्या घरचं खात नाही म्हणे. बाकीच्यांचे सासरे नातवंड झालं की खातात, तिथं रीत सुटते. आमाले दोन झाले. मोठी सातवीत गेली. यांची रीत काही सुटत नाही.

२० मे

रेखाले सांगून टाकलं. मामाजी अगोदर आपल्या घरी जेवतील, मंगच मी त्यांच्या घरी. ती पोळ्या लाटत होती. लाटणं जोरात चाललं.

२४ मे, रवि.

आज डोकं फिरलं.

मामाजी निमंत्रण द्यायले स्वतः आले. सोनाळ्याहून वरवटले बस बदलून, या उन्हात, या वयात. डोक्याले उपरणं, हातात स्वतःची पाण्याची बाटली. कूलरपुढं बसले. (हवा माह्या कूलरची. ते चालते.) रेखानं सकाळपासून राबून भरलं वांगं केल्तं. "भूक नाही बाई, निघतानाच खाल्लं." चहा? "सोडला." पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला अन् निघाले.

मी दुकानाकडं निघालो तं स्टँडसमोरच्या हॉटेलात कोण? मामाजी! हातात कचोरी, दुसरी प्लेटमध्ये, अन् सोडलेला चहा बशीत ओतून फुर्रर्र.

त्या हॉटेलवाल्यानं कढईतलं तेल दिवाळीपासून बदललं नाही. फडकं तं पाहवत नाही. ते चालते. पोरीची भाकर चालत नाही.

गेलो अंगावर. "मामाजी!"

कचोरी घशातच राह्यली त्यांच्या. "जवाईबापू... जराशी चक्कर आल्यासारखी झाली."

"मंग घरी काऊन नाही सांगितलं?"

"पोरीच्या घरी कसं मांगू?"

मंग मी अख्ख्या हॉटेलादेखत बोललो. तुमी माह्या घरी जेवसान तवाच मी सोनाळ्यात पाय ठेवीन, नाही तं तुमचे धोंडे तुमच्यापाशी. सगळे बघून राह्यले होते. बघू देत. कचोरीचे पैसे द्यायले गेलो तं माहा हात धरला. तेही देऊ देईनात!

२५ मे

रेखाले सगळं सांगितलं, थोडं रंगवून. वाटलं माह्या बाजूनं बोलेल.

"बाबाले चक्कर आल्ती, अन् तुमी तिथं तमाशा केला?"

मी म्हटलं, अपमान माहा होते, माह्या घराचा होते. तं कंबरेले पदर खोचून उभी राह्यली. "घर तुमचं हाय, पण रांधते कोण? चौदा वर्सं झाले, मी रांधते अन् माहा बाप बाटलीतलं पाणी पिऊन उठून जाते. मी कधी भांडं आपटलं? राग तुमालेच काऊन येते?"

दुकानात येऊन एका पंपावर राग काढला. पंप जळला. गिऱ्हाइकाचा.

२८ मे

बोलणं बंद. वरण पातळ. फोनवर माय-लेकीची खुसुरफुसुर, मी आलो की गप. काहीतरी शिजून राह्यलं.

३ जून

ठरलं म्हणे! मामाजी येणार अन् जेवणार. पण पीठ, डाळ, तेल, तिखट, वांगे, सगळं सोनाळ्याहून आणतील. पाण्याची कॅनसुद्धा. म्हणजे पोरीच्या घरचं काही पोटात जात नाही अन् पोरीच्या हातचं जाते. हे डोकं रेखाचं.

मी पेटलो. "हे घर हाय का धर्मशाळा? अन् गॅस? गॅस माहा हाय! तवा माहा हाय! चूलही डोक्यावर घेऊन या म्हणा!"

ती शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी ताटावर तुमी काही बोलले ना, तं मी सोनाळ्याले एकटी जाईन. कधी येईन ते सांगणार नाही."

मजाक नव्हती ती. चौदा वर्सात बायको ओळखता येते एवढी.

७ जून, रवि.

आले. दोन पिशव्या, एक कॅन. मी कॅन उचलायले गेलो तं जडच्या जड. बसमध्ये मांडीवर घेऊन आणली म्हणे. काय बोलावं या माणसाले?

स्वयंपाक करता करता रेखानं मले आत बोलावलं. तोंड पांढरं पडलेलं. पिशवीत सगळं हाय, मीठ नाही. तिची आई विसरली.

"घाल ना घरचं. कोणाले कळते?"

"बाबाले फसवून जेवू घालू?"

अळणीच रांधलं बाईनं. इतकी घाबरलेली मी तिले लग्नातही पाह्यली नव्हती. मामाजीनं भाकर मोडली, वरणात बुडवली, घास घेतला. थांबले.

"मीठ नाही पडलं बाई."

रेखा खाली मान घालून म्हणाली, "आईनं दिलंच नाही."

माह्या तोंडात शब्द तयार होते. चांगले झणझणीत होते. रेखा माह्याकडं बघून राह्यली होती. गिळले. भाकरीपेक्षा जड गेले.

मामाजीनं एकदा तिच्याकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. मंग ताट थोडं पुढं सरकवलं.

"तुह्या डब्यातलं दे."

तिनं दिलं. त्यांनी चिमटीनं वरणात टाकलं, कालवलं, खाल्लं. अजून एक भाकर मांगितली. रेखा आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. भाकर करपल्याचा वास आला तवा मीच उठलो अन् करपलेली आणून वाढली. तीही खाल्ली.

जाताना उंबऱ्यात म्हणाले, "येत्या रविवारी येता ना, जवाईबापू? मंग महिना संपते."

"पाहू," म्हटलं.

मीठ चालते तं पीठ काऊन चालत नाही? हे मी विचारणार हाय. सोनाळ्यात विचारावं का इथं बोलावून, ते ठरलं नाही. रेखानं माहा नवा सदरा इस्त्रीले देऊन टाकला. मले विचारलं बी नाही.