माता वरच्या मजल्यावर, पथ्य आमच्याकडे

अवधपुरी, भोपाळ
४ मार्च २०२५

ती. शकुंतलाअक्कास,
प्रभाकरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. वरच्या मजल्यावरच्या मुलाला गोवर निघाला आहे. इथे म्हणतात, माता आली. गावी एका घरी देवी आली की सगळी आळी पथ्य पाळायची, म्हणून मीही घरात फोडणी बंद करायला सांगितली. सुनेने, वैशालीने, निमूट ऐकलं.

पण जुईला नऊ महिने पूर्ण झाले. गोवराची लस याच आठवड्यात, असं अंगणवाडीच्या बाई सांगून गेल्या. माता दाराशी असताना नातीला सुई टोचू द्यायची? मी म्हणालो, आधी देवीची बोळवण होऊ दे. तेव्हापासून पूजेत मन लागत नाही. माझं चुकत असलं तर पोरीचं काय? तू सांगशील तसं करू.

माया आहे तशीच ठेव.
तुझा प्रभाकर

आर्वी
११ मार्च २०२५

चि. प्रभाकर यास अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. लहानपणीही नैवेद्याचे नियम तूच सगळ्यांना सांगायचास. अरे, अंगावर देवी आलेल्या पोराला टोचायचं नाही, एवढंच आई म्हणायची. धडधाकट पोराबद्दल ती काही बोलली नव्हती. आणि आळी पथ्य पाळायची ती त्या घराला सोबत म्हणून. माझ्या नातवंडांना सगळ्या लसी दिल्या, देवीला दहीभातही दिला. पोरीला लगेच ने. माझ्या सुनेला आजच तुला फोन करायला लावते. पण बायकांच्या निरोपावर तुझा विश्वास नाही, म्हणून कागदावरही असू दे.

जुईचा पापा.
अक्का

अवधपुरी
१६ मार्च २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

फोन आला, पत्रही आलं. वैशालीला म्हणालो, चल. तर कळलं, मी नको म्हणालो त्याच दिवशी तिने लस देऊन आणली होती, जवाहर चौकात बाजाराला जाते असं सांगून. "बाबा, पथ्य तुमचं पाळलं. वाट मात्र नाही पाहिली," म्हणाली आणि कणीक मळत राहिली. राग यायला हवा होता. मी देवापुढे हात जोडले, ते कशासाठी हेही कळेना.

पण गोष्ट इथे संपत नाही. या इमारतीत देवधर्माचं मलाच विचारतात. समोरच्या कमलचा मुलगा जुईएवढाच. तिलाही मी थांब म्हणालो होतो, आणि ती थांबली आहे. काल तिने अंगणवाडीच्या बाईंना दारातूनच परत पाठवलं. प्रभाकरजींनी मना केलं आहे, म्हणाली.

सुनेने ऐकलं नाही म्हणून जुईची काळजी मिटली. कमलने ऐकलं. पत्र पाकिटात घातलं की तिच्या दाराशी जाणार आहे. पण देवीचं नाव घेऊन थांबवणारा माणूस आता देवीचंच नाव घेऊन चल म्हणाला, तर तिने माझं कोणतं बोलणं खरं धरावं, अक्का?

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा प्रभाकर