पंखाखालची गोचीड

४ मार्च

आज आणखी एक पाणभुंगा मेला! वरचे टणक पंख उचलून पाहिले — खाली तांबडे माइट दाटीवाटीने चिकटलेले. पाण्यातली गोचीडच ती. भुंग्याच्या अंगात तोंड खुपसायचं आणि फुगत बसायचं. माझा प्रबंध यांच्यावरच. वर्षानुवर्षं लोंबकळतोय.

शिष्यवृत्ती संपली तेव्हा सर म्हणाले, "घरूनच पूर्ण करा." घर कुणाचं? दादाचं! गॅलरीत माझी भुंग्यांची घमेली, म्हणून वहिनीचे ओले कपडे खुर्च्यांच्या पाठीवर.

५ मार्च

काही केलं नाही. अंघोळसुद्धा नाही.

८ मार्च

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. यांना बढती मिळतेय, परदेशातल्या ऑफिसात. मी तर बॅगासुद्धा बघून आले होते! पण हे म्हणतात, हिला एकटीला टाकून कसा जाऊ?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापायी दादा अडकला! जेवताना भाजी नुसती चिवडत बसले. दादाने विचारलं, "भाजी आवडली नाही का गं?" काय सांगू त्याला!

९ मार्च

माइट लागलेला एक भुंगा उन्हात दगडावर ठेवला. सुकला की उडायला हवा. पंख उघडले, मिटले, बसून राहिला. ओझं झेपत नाही बिचाऱ्याला. मग काय डोक्यात आलं कोण जाणे — चिमटा घेतला आणि एकेक माइट ओढून काढला. असं करायचं नसतं. प्रयोग मातीत गेला. जाऊ दे, म्हटलं, हा तरी उडेल!

संध्याकाळी तोही मेला. चिमट्याने जखम झाली असणार. मला एक काम धड जमत नाही.

११ मार्च

ठरलं. कॉलेजच्या वसतिगृहात देखरेखीचं काम आहे, राहायला खोली मिळते. प्रबंध गेला चुलीत! घमेली रिकामी केली, उरलेले भुंगे तळ्यात सोडून आले. येताना भर रस्त्यात रडले, लोक बघत होते. बघू देत. दादा तर मोकळा झाला.

१२ मार्च

दादाला सांगितलं — मी चालले, तू बढती घे. त्याचा चेहराच उतरला. माझा हात धरून हळूच म्हणाला, "जाऊ नकोस गं. तू गेलीस तर ऑफिसात काय सांगू? मला नाही जायचं तिकडे. कधीच नव्हतं जायचं."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती.