तार ढिली नव्हती

प्रिय ठोंब्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. मामा आणि पत्र! वाढदिवसाच्या दोन ओळी लिहायच्या तरी तुझ्या मामीला पेन माझ्या हातात कोंबावं लागतं, तो माणूस आज आपणहून कागद घेऊन बसलाय. फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता, एकदा नाही, चांगला सात-आठ वेळा. पण तू "हं, हं" करतोस, मी हवापाण्यावर घसरतो आणि दोघेही सुटल्यासारखे फोन ठेवतो. कागदावर तुला मध्येच "हं" म्हणता येणार नाही. हे वाचून झाल्यावर तू मला मामा म्हणशील की नाही, मला ठाऊक नाही. तरी लिहितोय.

आधी इकडची खबर. दुकान चालू आहे. खिडकीजवळचं रॅकेटला तार ओढायचं जुनं यंत्र अखेर मोडीत काढलं. नवीन आणलंय, ते सगळं आकड्यांत दाखवतं आणि जरा चुकलं की किंचाळतं. तुझी मामी म्हणते, घरात एक होतंच, आता दुकानातही आलं. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण वॉर्डातली नोकरी सोडायचं नाव नाही. रुग्णांपेक्षा नवशिक्या नर्सच तिला जास्त घाबरतात म्हणे. पोहण्याच्या तलावावरचं तुझं काम कायम झालं, हे तिनंच सांगितलं. पाण्यात औषध किती आहे ते तू दर दोन तासांनी मोजतोस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मोजून करायचं काम माणसाला सावरतं. मी चाळीस वर्षं त्याच्याच आधारावर उभा आहे.

तू टेनिसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत गेलास आणि मी दुकान मामीच्या गळ्यात घालून तुझ्याबरोबर फिरायला लागलो, ती तीन वर्षं मला माझ्या लग्नापेक्षाही स्वच्छ आठवतात. हे मामीला सांगू नकोस. बड्या खेळाडूंबरोबर प्रशिक्षक, डॉक्टर, मालीशवाला असा सगळा लवाजमा. तुझ्याबरोबर एक मामा आणि एक लंबू. दुहेरीत तुझा जोडीदार, आणि एरवी आपल्या खोलीतला तिसरा. स्वस्तातली खोली, दोन पलंग, तिसरी गादी जमिनीवर, आणि लंबू कुठेही झोपला तरी त्याचे पाय दारापर्यंत. सकाळी बाथरूमला जाताना मी रोज त्याच्या पायांना अडखळायचो आणि तो झोपेतच "सॉरी मामा" म्हणायचा. सामन्याच्या दिवशी मी सगळ्यांआधी उठून स्टँडखालच्या त्या बुटक्या खोलीत जायचो. तिथं सगळ्या स्पर्धेच्या रॅकेटला तारा ओढतात. तुझ्या तीन रॅकेट, बावन्न पौंड ताण. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि माझी वही. तू तिला माझी दुसरी बायको म्हणायचास. कुठली रॅकेट कधी ओढली, सामन्यात कधी बाहेर काढली, का बदलली, तार तुटली की चेंडू नवे आले म्हणून. वीस वर्षांत त्या वहीतला "का" हा रकाना मी कधी रिकामा सोडला नव्हता.

तो पहिल्यांदा रिकामा राहिला त्या वसंतातल्या मातीच्या कोर्टावर. दुसरा सेट, एक-एक. एक-एकला बाजू बदलत नाहीत, कुणी बसत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. आणि तू सरळ बाकाकडे चालत गेलास, पिशवीतून दुसरी रॅकेट काढलीस, सर्व्हिसला उभा राहिलास आणि दोन डबल फॉल्ट करून तो गेम घालवलास. सामना मात्र आरामात जिंकलास. सकाळी ओढलेली तार दुपारी टाकून द्यावी लागते म्हणजे काय! विचारलं तर तू म्हणालास, तार जरा ढिली वाटली. मी तुझी माफी मागितली, ठोंब्या. लंबूच्या देखत मागितली. आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणालास, "चालतं रे मामा, वय झालं तुझं."

सहा आठवड्यांनी पुढच्या स्पर्धेत मी ताण एका पौंडानं वाढवला. तेव्हाही दुसरा सेट, एक-एक, तू बाकाकडे गेलास. पुन्हा तार ढिली. आता तारवाल्यांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. आमच्यातला तो टकला म्हातारा, ज्याच्या तारा तिसऱ्या दिवशी लोंबतात, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सख्ख्या भाच्याच्या तारा सुटतात, गिऱ्हाइकांचं काय होत असेल!" मी हसलो. मग घरी येऊन डोळे तपासून घेतले. दुकानाच्या खिडकीत उजेडासमोर हात धरून बघायचो, थरथरतो का ते. मामीनं पाहिलं तेव्हा म्हटलं, नखं बघतोय. तुला यातलं काही माहीत नाही. मला मात्र त्या दिवसांत आपलं हे काम आता संपलं असं खरोखरच वाटत होतं, आणि हे काम संपलं तर मग मी कोण?

मग शरद ऋतू आला आणि ती छपराखालची स्पर्धा. पहिल्याच दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तो तपास विभागाचा माणूस सगळ्यांना गोळा करून व्याख्यान देऊन गेला होता. हल्ली लोक सामन्यावर नाही, एकेका गेमवर पैज लावतात. सामना जिंका, एक गेम तेवढा सोडा, एवढंच खेळाडूला सांगतात. आणि सौदा पक्का आहे हे कळावं म्हणून कोर्टावर काहीतरी खूण ठरवतात. तू माझ्या शेजारी बसून जांभया देत होतास. मीही मनात म्हणत होतो, लवकर संपव बाबा, मला तारा ओढायच्यात. तिसऱ्या दिवशी तुझा सामना. दुसरा सेट, एक-एक, आणि तू बाकाकडे वळलास. त्या क्षणी मला सगळं कळलं. माझ्या मनात पहिलं काय आलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. माझे हात ठीक होते! पोटच्या पोरासारखा भाचा डोळ्यांसमोर स्वतःचं वाटोळं करत होता आणि मी मनात म्हणत होतो, बघ, तार ढिली नव्हती.

तू टाकलेली रॅकेट मी पिशवीतून काढली आणि तडक तारवाल्यांच्या खोलीत गेलो. मापकावर ठेवली. जेवढा ताण हवा तेवढाच. टकल्याच्या नाकासमोर मापक धरलं आणि आवाज चढवून म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! वाच आकडा! मग वही उघडली. बघ, तीन स्पर्धा, तिन्ही वेळा दुसरा सेट, तिन्ही वेळा एक-एक, तिन्ही वेळा तार अखंड आणि तिन्ही वेळा पुढचा गेम गेला. माझी तार ठरवून तिसऱ्या गेमला ढिली होते काय? टकला माझ्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. दारात तो ओळखपत्रवाला उभा होता. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, स्वतःच्या रॅकेटची वाट बघत, गुडघे हनुवटीला लावून लंबू बसला होता.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे तुला वाटतं की माहीत आहे. संध्याकाळच्या आत तुझा फोन काढून घेतला, त्यातले सट्टेवाल्यांचे निरोप सापडले. मग चौकशी, मग आजन्म बंदी. सव्विसाव्या वर्षी. निकालपत्रात "एका साक्षीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून" असं लिहिलं होतं, आणि चौकशीच्या वेळी लंबूला त्या ओळखपत्रवाल्याच्या खोलीतून बाहेर येताना तू पाहिलं होतंस. त्यांनी सगळ्यांनाच बोलावलं होतं रे. लंबू आत पाऊण तास बसला आणि एवढंच म्हणाला की मला काही ठाऊक नाही, तो माझा मित्र आहे. हे मला त्या ओळखपत्रवाल्यानंच नंतर सांगितलं. तू मात्र सगळ्यांदेखत लंबूला नाही नाही ते बोललास. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी तिथेच उभा होतो, तुझी बॅग हातात घेऊन.

त्यानंतर चार महिने तू दुकानावरच्या खोलीत राहिलास. रोज जेवताना लंबूला शिव्या घालायचास, आणि मी तुला वाढत राहायचो. एकदा तू म्हणालास की सामना तर जिंकतच होतो, एका गेमनं कुणाचं काय बिघडलं. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. माझं बिघडलं होतं. तुझी खूण लपावी म्हणून तू माझ्या हातांवर आळ घेतलास, आणि मी माफी मागत असताना मागू दिलीस. एवढं बोललो असतो तर पुढचंही आपोआप बाहेर आलं असतं. पण झाकली मूठ बरी वाटली. तू झोपायला वर गेलास की मामी माझ्याकडे बघायची आणि ताटं उचलायची. तिला सगळं माहीत होतं.

लंबू त्याच काळात एकदा दुकानात आला होता, तू आईकडे गेला होतास तेव्हा. त्यानं तीन रॅकेट तारेला दिल्या, जणू त्याच्या गावात तारवाले नाहीतच. मी विचारलं, तू त्याला खरं का सांगत नाहीस? तर म्हणाला, "मामा, माझ्यावर चिडलाय ना, चिडू दे. तुमच्यावर चिडला तर जेवायला कुठे जाईल?" मी मान हलवून रॅकेट यंत्रावर चढवली. साठीच्या माणसानं पंचविशीच्या पोराचं हे दान मुकाट्यानं घेतलं. मनाची समजूत काढली की मी काही मुद्दाम केलं नाही, तोंडातून निघून गेलं, हात दाखवून अवलक्षण झालं. ही समजूत दोन वर्षं पुरली. आता पुरत नाही, कारण ती खरी नाही. तो माणूस दारात दिसल्यावर मला गप्प बसता आलं असतं. वही मिटता आली असती. त्यानं वही मागितली नव्हती, ठोंब्या. मीच पुढे केली. तू याहून खोल जाऊ नयेस म्हणून केली की टकल्यासमोर माझी मान ताठ राहावी म्हणून, ते अजून ठरवता येत नाही. दोन्ही होतं. कुठलं जास्त, ते विचारू नकोस. ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

आणि हे आजच का, तेही सांगतो. परवा तुझी आई आनंदानं सांगत आली की शुक्रवारी एक पत्रकार तुला भेटणार आहे, मोठी मुलाखत छापणार आहे, आणि ज्यानं दगा दिला त्याचं नाव तू त्यात घेणार आहेस. लंबू आता फक्त दुहेरी खेळतो. ज्याच्याबरोबर कुणी जोडी करायला तयार नाही त्याला दुहेरी खेळता येत नाही, आणि जोडीदाराला पकडून देणाऱ्याबरोबर कोण उतरेल? तुझ्या एका वाक्यानं त्याचंही खेळणं संपेल, आणि ज्यासाठी संपेल ते त्यानं केलेलंच नाही. तेव्हा नाव घ्यायचंच असेल तर माझं घे. दुकानाचा पत्ता दे, वही बघायची असेल तर पाठव त्या पत्रकाराला, मी दाखवीन. आईला मी आज संध्याकाळी स्वतः सांगणार आहे. ती मला फाडून खाईल, पण ते आम्हा बहीणभावाचं आम्ही बघू. शुक्रवारच्या आत पोचावं म्हणून हे पत्र घेऊन मी आत्ताच टपाल कचेरीत निघालोय. वाचून झाल्यावर मला फोन केला नाहीस तरी चालेल. लंबूला कर.

अजून म्हणू देणार असशील तर तुझाच,
मामा