टी.व्ही. घेताना काय पाहावं

॥ श्री ॥

सातारा, ४ नोव्हेंबर १९७७

ती. सौ. ताईस, धाकट्या हरीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, अण्णा सोडून. तोफखान्याच्या नोकरीनं त्यांचे कान नेले, ते तुला ठाऊकच. रेडिओ कामाचा उरला नाही, म्हणून आता टी.व्ही.चा हेका धरलाय. उंच काठीवर अँटेना लावला की पुण्याकडचं चित्र साताऱ्यातही धरतं, असं कुणीतरी त्यांच्या पाटीवर लिहून दाखवलं. तेव्हापासून रोज चहाआधी एकच प्रश्न, कधी घेणार? मी पाटीवर ‘दिवाळीनंतर’ लिहिलं, तर दोन दिवस माझ्याकडे पाठ करून जेवले.

दाजी रेडिओ दुरुस्त करतात, शिवाय पुण्याला टी.व्ही.चं शिकूनही आलेत. घेताना काय पाहावं ते त्यांना विचारून लगेच कळव. क्षमा म्हणते, आधी सासऱ्यांचा राग पाहावा, मग टी.व्ही.

लोभ नेहमीसारखा राहू दे.

तुझा,
हरी

सांगली, ९ नोव्हेंबर

चि. हरीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

दाजी सांगत गेले तसं लिहिते. लाकडी पेटीच्या चकाकीला भुलू नकोस, काच पाहा. कार्यक्रमाआधी गोल आणि उभ्याआडव्या रेघांचं चित्र लावतात, त्याच वेळी दुकानात जा. गोल गोलच दिसला पाहिजे, अंड्यासारखा नको. रेघा कडेला थोड्या वाकल्या तर चालतं, मधे मुळीच नको. चित्र सारखं वर सरकत असेल, लुकलुकत असेल, तर तिथून उठून ये. खिडकीची तिरीप काचेवर चमकते का तेही बघ. मोठाच हवा असं नाही, आपल्या सोप्यात आठ फुटांवरून बघायला वीस इंची पुरे. आणि बघणार अण्णा, तेव्हा पारख त्यांनाच करू दे.

पण एवढी घाई का लागलीय त्यांना? माझ्या लग्नाचीसुद्धा त्यांना घाई नव्हती. ही घाईच मनाला लागून राहिलीय.

क्षमाला आशीर्वाद. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी,
ताई

सातारा, १९ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

डोकं फिरायची वेळ आलीय. तीन दुकानं झाली. पहिल्या सेटवर अण्णा म्हणाले, रेघा मधे वाकल्यात. मला सरळ दिसत होत्या, पण म्हटलं, तोफा डागलेला माणूस, नजर त्यांचीच पक्की. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्या दुकानदारानं वैतागून फूटपट्टी काचेला लावून दाखवली. अण्णा म्हणाले, “पट्टी बी वाकडीच हाय.” दुकानातले लोक हसले. मीही हसलो.

बाहेर पडताना त्यांची पायरी चुकली, गुडघा फुटला. घरी आल्यापासून पाटी उलटी करून ठेवलीय. तिन्ही सेटांत एकच दोष कसा, तेवढं दाजींना विचार.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

हरी

सांगली, २२ नोव्हेंबर

चि. हरीस आशीर्वाद.

दोष सेटात नाही रे. त्यांना एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहायला लाव. गज वाकडे दिसले तर उत्तर लिहीत बसू नकोस, मिळेल त्या गाडीनं घेऊन ये. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी दाजी बोलून आलेत. कान गेलेच आहेत, हरी. डोळे जाता कामा नयेत.

ताई

सातारा, २ जानेवारी १९७८

चि. सौ. चारुशीलास अण्णाचे पोटभर आशीर्वाद.

डागदरनं लिवायला परवानगी दिली, म्हून पयलं पत्र तुला, सांगलीला.

दसऱ्यापास्नं डाव्या डोळ्यावर कडेनं सावली चढत हुती. मला ठावं हुतं, पर बोललो न्हाई. कान गेल्यावर घरात मी निम्मा उरलो हुतो. डोळं बी गेलं तर पोरांच्या डोक्यावर वझंच. म्हून वाटलं, दिसतंय तवर टी.व्ही. बघून घ्यावा. घाई त्येची हुती.

हरीला रागं भरू नगं. गज वाकडं दिसत्यात म्हनालो, तवा त्यो भिंतीकडं तोंड करून रडला. मला ऐकू आलं न्हाई, खांदं हलल्यालं दिसलं.

डोळ्यामागला पडदा सुटला हुता, त्यो मिरजेच्या डागदरनं बसवला. फुडं दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, धा दिस उताणं पडायचं, मान हलवायची न्हाई. ऐकू न्हाई, दिसत न्हाई. चारू, लडाईत बी मी इतका भ्यालो न्हवतो. दिस हाय का रात, खोलीत कोन हाय का न्हाई, कायबी कळंना. मग माज्या तळव्यावर कुनाचं तरी बोट फिरलं. पयलं ‘मी’, मग ‘चारू’. तितनं फुडं धा दिस तू समदं तळव्यावर लिवलंस. ऊन पडलंय, हरी आलाय, भात आणलाय. तेवढ्यावर मी शाना ऱ्हायलो.

टी.व्ही. परवा घेतला. पारखाय हरीनं मलाच नेलं. रेघा सरळ हायत. डाव्या डोळ्याच्या कडंला जराशी सावली उरलीय, चालतंय.

येक मातर तवा बोललो न्हाई. पट्टी सोडली तवा समोर तू हुतीस. तुजं केस लय पिकल्यात, पोरी. कवा पिकलं? का माजंच ध्यान न्हवतं?

संक्रांतीला ये. उजेडात माज्याफुडं बस जरा.

अण्णा