चाकांखालची लिंबं

मी, तनबालन, वडिलांचे नाव मुनियांडी, वय बहात्तर, राहणार बुंतोंग, इपोह, मलेशिया, धंदा जुन्या बीएमडब्ल्यू गाड्या पारखणे व दुरुस्त करणे, आज माझ्या घराच्या पुढच्या ओसरीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांना सही करायची नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. याआधी मी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते आजपासून रद्द समजावं.

वकिलाने छापील मसुदा दिला होता. चांगला होता, फक्त त्यात मी कुठे सापडलो नाही. म्हणून माझ्या पद्धतीने लिहितो. माझी मुलगी पुवनेस्वरी, म्हणजे आमची पुवना, सेरेंबानच्या इस्पितळात परिचारिका आहे. माझ्या मागे सगळा कारभार तिने पाहावा. ती कमी बोलते आणि नीट वाचते, एवढी पात्रता पुरे.

कलम एक. राहते घर व त्याची जागा पुवनाला. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाडही तिलाच. ते तोडू नये. तिच्या आईने लावलेलं आहे. मात्र त्याची लिंबं यापुढे फक्त स्वयंपाकात वापरावीत. का, ते पुढे येईल.

कलम दोन. पोस्टातली बचत पुवनाची. तिच्यातून माझे अंत्यविधी साधेपणाने करावेत. ढोलवाले बोलवावेत, पण ते दारू पिऊन येणारे नकोत. जेवणाला शेजारच्या लाय कोक हेंगच्या चहाच्या दुकानातून कॉफी मागवावी. तो पैसे घेणार नाही म्हणेल. त्याचं ऐकू नये.

कलम तीन. माझी हत्यारं. ती पुवनाने ज्याला द्यावीशी वाटतील त्याला द्यावीत, पण त्याने आधी खालच्या गोष्टी तोंडपाठ म्हणून दाखवाव्यात. मला हे कोणी शिकवलं नाही. कथिलाच्या खाणीच्या साहेबाच्या गाड्या धुता धुता, सीटखाली ठेवलेली पुस्तकं चाळता चाळता शिकलो.

जुनी बीएमडब्ल्यू घ्यायला जाल तेव्हा इंजिनाला आधी हात लावून बघा. मालकाने ती तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवली असेल तर कॉफी प्या, गप्पा मारा आणि ती गार होईपर्यंत उठू नका. गार इंजिन खरं बोलतं. इथेच विकली गेलेली, इथेच वाढलेली गाडी स्वयंपाकघरासारखी असते. डाग असतात, वास असतो, पण कोण जेवून गेलं ते कळतं. जपानहून वापरून आलेली गाडी पाहुण्यांच्या दिवाणखान्यासारखी असते. सगळं लख्ख, पण घरात काय चालायचं ते विचारायला कोणी नाही. इंग्लंडहून आलेली वरून साहेब आणि खालून गंज, कारण तिकडे रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात. तिच्याखाली पाठीवर झोपून बघा, कपड्यांची चिंता करू नका.

छताचं आतलं कापड लोंबलेलं दिसलं तर घाबरू नका. उन्हात उभी राहिलेली आपलीच गाडी आहे. मालक "इथलीच हो" म्हणतोय आणि छत ताठ आहे, तिथे घाबरा. मग रेडिओ लावा. जपानमध्ये विकलेल्या गाडीचा रेडिओ नव्वदच्या आकड्यावर थांबतो. आपली तमिळ गाणी त्याच्या पुढे लागतात. गाडी इथली असेल तर गाईल. जपानची असेल तर नुसती खरखर. बाहेरची गाडी वाईटच असं मी कधी म्हटलं नाही. बाहेरची असून इथली म्हणवणारी वाईट.

कलम चार. आता लिंबांचं.

आमच्यात नवी गाडी घेतली की चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून पुढे नेतात, दृष्ट निघावी म्हणून. मी माझ्या कारखान्यात त्यात एक अट घातली. जी गाडी मी स्वतः तपासली, जिच्यात माझ्या पुवनाला बसवून मी पेनांगपर्यंत बिनघोर पाठवीन, तिच्याच चाकांखाली माझ्या घरची लिंबं. बाकीच्या गाड्या विका, घ्या, पण कोरड्या जातील. हळूहळू गावाला कळलं. मलय, चिनी, सगळे येऊन विचारू लागले, "बालाने लिंबं ठेवली का?" दृष्टबिष्ट न मानणारेही विचारत. लाय मला ताऊके, म्हणजे शेठ, म्हणतो. तो तर म्हणायचा, "ताऊके, तू सरकारी शिक्का काढ आता, लिंबं महाग झाली!"

माझ्या बायकोचा, लेच्चुमीचा, धाकटा भाऊ कुमरेसन. तो मिसरूड फुटायच्या आधी आमच्याकडे आला. मी त्याला जेवू घातलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. बहिणीच्या नवऱ्याला आमच्यात अत्तान म्हणतात. तो इतक्या प्रेमाने अत्तान म्हणायचा की मला मुलगा नाही हे मी विसरलो होतो.

मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होतो तेव्हाची गोष्ट. जपानहून सुट्या भागांसाठी गाड्यांचे पुढचे अर्धे भाग येतात, मधोमध कापलेले. आम्ही त्यांना हाफ-कट म्हणतो. त्यातलं इंजिन काढून घ्यायचं, एवढाच त्यांचा उपयोग. कुमरेसनने तसला एक पुढचा भाग घेतला, इथल्या एका मोडक्या गाडीचा मागचा भाग घेतला, दोन्ही वेल्डिंग करून जोडले, वर रंग दिला आणि इथल्या गाडीची कागदपत्रं लावली. पुढून जपान, मागून मलेशिया. आणि तिच्या चाकांखाली माझी लिंबं ठेवली.

ती गाडी घेतली चेगू रोहाया यांनी. चेगू म्हणजे शिक्षिका. मुलींना बॅडमिंटन शिकवायच्या. त्यांनी बाकी काही तपासलं नाही. चिरडलेली लिंबं बघितली आणि किल्ली घेतली. गोपेंगच्या उतारावर पावसात एक मोटारसायकल आडवी आली, चेगूंनी ब्रेक दाबला आणि सीटखालचा सांधा उघडला. त्यांचा डावा गुडघा कायमचा गेला. त्यानंतर त्या मैदानावर उभ्या राहिल्या नाहीत.

गाडी ओढून माझ्याच कारखान्यात आणली. मी एका डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना आत बसलो आणि रेडिओ लावला. खरखर. गालिचा उचलला. खाली शिवण.

कुमरेसनला म्हटलं, "हे काय आहे?"

"अत्तान, दोन आठवडे गाडी नीट चालली की!"

"दोन आठवडे प्रेतसुद्धा बर्फात नीट राहतं. माझी लिंबं चोरलीस तू."

"चोरली नाहीत." त्याने तेव्हाच माझ्या डोळ्यात बघितलं, त्याआधी नाही. "अक्काने काढून दिली. तिला माहीत होतं तुम्ही गाडी बघितली नाही ते."

मी घरी आलो. लेच्चुमी तांदूळ निवडत होती. मी विचारलं, ती नाही म्हणाली नाही.

"त्याच्या डोक्यावर कर्ज होतं हो. म्हटलं, तुम्ही बरे होऊन आलात की बघालच गाडी."

"मी बघायच्या आधी ती कोणाच्या तरी दारात गेली, लेच्चुमी."

"तो तुरुंगात गेला तर माझं माहेर संपलं. माझा जीव आहे तोवर कोणाला सांगू नका. माझी शपथ आहे."

मी शपथ घेतली. मेव्हणा खोटा निघाला तर माणूस रडतो आणि जेवतो. ज्या हाताने आपल्याला रोज वाढलं त्याच हाताने लिंबं तोडून दिली, हे कळल्यावर माणूस जेवतो, पण चव लागत नाही. तरी ती माझी बायको होती. तिचा फोटो उतरवू नये, रोजचं फूल चुकवू नये. हे मी रागात लिहीत नाही.

मी चेगूंना निरोप पाठवला, गाडी परत घेतो, उपचाराचं बघतो. त्यांनी उलट निरोप पाठवला, "त्या माणसाचं मला काही नको." त्या माणसाचं म्हणजे माझं. गाव काय म्हणालं ते लिहीत नाही, लायला विचारावं. तेव्हापासून मी लिंबं ठेवली नाहीत. कोणी मागितलीही नाहीत.

लेच्चुमी गेल्या पोंगलला गेली. शपथ संपली. म्हणून आज लिहितो आणि सही करतो: ती गाडी मी तपासली नव्हती. ती लिंबं मी ठेवली नव्हती.

कलम पाच. कुमरेसन. मागच्या महिन्यात पपई घेऊन मला बघायला आला. पपई गोड होती, हे न्यायाने सांगतो. मग म्हणाला, "अत्तान, तुमच्यामागे कारखाना मीच चालवणार ना? नाहीतर कोण आहे? बोर्ड तेवढा तोच राहू द्या. गिऱ्हाईक नावाला येतं."

मी म्हटलं, "तूच मारलंस ते नाव. आता मेलेल्याची टोपी घालून फिरायचंय तुला?"

"जुनं काढू नका हो. त्या बाईंनाही विसर पडला असेल."

त्या बाईंना! लंगडत चालणाऱ्याला प्रत्येक पावलाला आठवतं रे.

तर कारखान्याची जागा पुवनाने भाड्याने द्यावी किंवा विकावी, पण कुमरेसनला नाही. बोर्ड उतरवून, नाव पुसून, कोंबड्यांच्या एखाद्या खुराड्यावर टाकावा. पत्रा चांगला आहे. कुमरेसनला मी हातात धरायचा लांब दांड्याचा आरसा देतो, गाडीखाली बघायचा. त्याच्या मुलांच्या शिक्षणाला अडचण आली तर पुवनाने मदत करावी. मुलांनी सांधे जोडले नाहीत.

कलम सहा. माझी स्वतःची गाडी, इथेच विकली गेलेली, माझ्याआधी एकच मालक, छत लोंबलेलं, ती चेगू रोहाया यांना. ती माझ्या पुवनासाठी जशी ठेवली असती तशी ठेवली आहे.

इथपर्यंत काल लिहून झालं. आज सह्यांसाठी लाय आला, आणि मी चेगूंनाही बोलावलं. मेल्यानंतर वाचून दाखवलेलं खरं मला माझ्या कानांनी ऐकता येणार नाही, म्हणून. त्या येतील असं वाटलं नव्हतं. काठी टेकत आल्या, ओसरीच्या कडेला बसल्या, पाणी घेतलं नाही. मी कलम चार आणि सहा मोठ्याने वाचलं. लायने मध्येच नाक शिंकरलं.

मग त्या म्हणाल्या, "अंकल, इतकी वर्षं मी तुमच्या गल्लीतून जाताना तोंड फिरवत होते."

"माहीत आहे. मी गाड्यांच्या आरशातून बघायचो."

"एकदा तरी ओरडून सांगायचं होतंत."

"बायको घरात होती, चेगू."

त्यांनी मान हलवली. मग कागद मागितला आणि शिक्षक पेपर तपासतात तसा पहिल्यापासून वाचला. म्हणाल्या, "दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे."

लाय म्हणाला, "माझा पुतण्या येतोय. तुम्ही नका करू सही. वकिलाने बजावलंय, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला मिळायचं ते रद्द होतं. तुमची गाडी जाईल!"

"ती छप्पर लोंबणारी?"

"चेगू, इंजिन उत्तम आहे," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"असेल. पुवनाला द्या." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मला सही करायची आहे."

म्हणून कलम सहा असं वाचावं: सदर गाडी पुवनाला. खाडाखोडीवर माझी सही आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करतो. दोघांनी माझ्यासमोर केल्या.

ठिकाण: बुंतोंग, इपोह
दिनांक: १७ मार्च २०१९

(सही) तनबालन मुनियांडी

साक्षीदार पहिला: लाय कोक हेंग, चहाचे दुकानदार, शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरी: रोहाया बिंती इद्रिस, निवृत्त शिक्षिका. तनबालन यांनी माझ्यासमोर सही केली. मी या माणसाला ओळखते. (सही)