तेलाचा ताप

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण, मी घरच्या घरी मोटरसायकलला तेलाचं तापमान मोजायचा सेन्सर बसवला. मेकॅनिक लागला नाही. जिन्याखाली माझी आणि खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांची अशा दोन्ही गाड्या खेटून असतात. (त्यांना तू अजून माझा दादा म्हणतेस. घरच्या फोटोत ते माझ्यापुढे उभे राहिले आणि माझा नुसता कान आला, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.) गाड्या त्याआधीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच रंगाच्या. तिथला दिवा गेलाय, म्हणून मधल्या फटीत उताणा झोपून चाचपडत काम केलं. इंजिनाच्या तळाचा बोल्ट काढला, जुनं तेल परातीत उतरवलं, बोल्टच्या जागी सेन्सर बसवला. त्याची तार माझ्या हँडलवरच्या डायलला जोडली आणि वरून नवं तेल ओतलं. ते उतू गेलं. परात कणकेची होती, त्यामुळे बायकोनेही बोलणं कमी केलंय.

गंमत पुढेच आहे. इंजिन अर्धा तास चालवलं तरी काटा हलेना, धूर मात्र भरपूर. आज सकाळी माझी गाडी बंद असताना काटा आपसूक साठावर गेला! खालचे तेव्हा आपली गाडी सुरू करून उभे होते, त्या खडखडाटात मला नीट आनंदही करता आला नाही. यंत्राला रुळायला वेळ लागतो, दुसरं काय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
मधल्याचा सा. न. वि. वि.

रविवारी सकाळी गाडीने तुझ्याकडे निघतोय. गाडी कालपासून डब्यात खिळे घातल्यासारखी वाजते. शिवाय वरच्या मजल्यावरच्यांनी ती लाल तारेने आपल्या गाडीला बांधून ठेवली आहे. काही म्हणायचं असेल तर कागदावर टाइप करून द्यावं. मी टायपिंग शिकवतो, चुकाही दाखवल्या असत्या. तार मी तोडलेली नाही, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. रविवारी ओढ बसून तुटली तर त्यांचं ते बघतील.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.
तुझा मधला

ता. ७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा दोघांची पत्रं एकाच टपालाने आली. चौतीस वर्षं वॉर्डात ताप मोजले. सहा नंबरच्या तोंडात थर्मामीटर आणि ताप सात नंबरच्या तक्त्यावर, असं एकदाही केलं नाही. तू ते केलंस. सेन्सर त्याच्या इंजिनात आहे आणि डायल तुझ्या गाडीवर. तेल त्याचं काढलंस आणि ओतलंस स्वतःच्या गाडीत. आणि तू म्हणे चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतोस.

कोरड्या इंजिनाने तो रविवारी साठ मैल निघणार आहे. वाटेत इंजिन जाम झालं तर चाक जागीच अडकेल आणि तो रस्त्यावर फेकला जाईल. त्याला लिहून उपयोग नाही, आठवड्याचं टपाल तो रविवारी दुपारी एकदम फोडतो. तेव्हा चिठ्ठ्याचपाट्या नकोत. खाली जा आणि तोंडाने सांग.

रागावले आहे, तरी माया आहेच.
तुझी ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
मधल्याचा सा. न. वि. वि.

काल आलो नाही, त्याचं कारण लिहितो. शनिवारी दाराखालून एक चिठ्ठी सरकवलेली दिसली, ती नियमाप्रमाणे रविवार दुपारसाठी ठेवली. सकाळी किक मारली. इंजिन किंचाळायला लागलं तसा धाकटा एकाच पायात चप्पल घालून जिना उतरत आला, किल्ली फिरवली आणि तिच्यावर तळहात दाबून उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, तेल नाहीये तिच्यात."

मी किती लागतं, एवढंच विचारलं. लिटरभर, म्हणाला, आणि पायरीवर बसला. मी वर जाऊन त्याची दुसरी चप्पल आणून दिली.

त्याच्या गाडीतलं जादा तेल माझ्या गाडीत घातलं. सेन्सर काढला तर ते पुन्हा सांडणार, म्हणून सेन्सर माझ्याकडेच राहिला आणि डायल त्याच्याकडे. गाडी चालवून बघायची तर दोन्ही एकदम काढाव्या लागल्या, कारण तार जेमतेम चार हात. हँडलला हँडल लावून निघालो. तो आकडे सांगत होता, मी वेग सांभाळत होतो. सत्तरला त्याने शाबासकी दिली, नव्वदला रागावला. एका ट्रकवाल्याने विचारलं की कोण कोणाला ओढतंय. आम्हा दोघांनाही सांगता येईना.

चौकात त्याला डावीकडे जायचं होतं, मला उजवीकडे. तार ताणली गेली.

ताई, मी डावीकडे वळलो.

यापुढे दोघांचं पत्र एकाच पाकिटात घातलंस तरी चालेल. लोभ मात्र दोघांना पुरेल एवढा घाल.
तुझा मधला