लाळेने केलेला माझा अपमान

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. (वाकलं की खोकल्याची उबळ येते, तेव्हा मनातल्या मनात वाकलोय असं धर.) तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील आणि भावोजींनी नवा चष्मा अजून तरी हरवला नसेल, अशी आशा आहे. आम्ही दोघं मजेत आहोत. हे एवढं वाक्य लिहिण्याजोगं व्हायला दहा दिवस लागले, म्हणून पत्राला उशीर.

तर झालं असं, की आम्हा दोघांनाही एकदमच ताप-खोकला सुरू झाला. माझा खोकला तू फोनवर ऐकलाच आहेस. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवताना मी खोकलो, तेव्हा शिकाऊ बाईंनी टायर फुटला असं समजून गाडी कडेला घेतली (क्लच, ब्रेक, इंडिकेटर, सगळं बिनचूक, तीन महिन्यांत पहिल्यांदाच). आणि तुझी भावजय? तिची बावीस वर्षं ग्रंथालयात गेली. ती खोकतेसुद्धा वाचणाऱ्याची ओळ चुकू नये अशा बेताने. त्यामुळे घरात आजारी कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मी पलंगावर कण्हतोय आणि ही माझ्यासाठी पाणी गरम करतेय.

चौथ्या दिवशी तीच मला हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे प्रयोगशाळेतल्या एक बाई टेबल मांडून बसल्या होत्या. त्यांनी समजावलं, की हजारो रुग्णांची लाळ तपासून त्यांनी एका कॉम्प्युटरला शिकवलंय. आता छातीचा संसर्ग घरीच बरा होईल की पुढे जड जाईल, याचा अंदाज तो लाळेवरून सांगतो. अजून प्रयोगच चाललाय, डॉक्टर एकट्या त्याच्यावर विसंबत नाहीत, पण लाळ दिलीत तर बरं होईल. मी म्हटलं, देतो की. मग त्यांनी हिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हीही खोकताय ना? मग तुम्हीही द्या."

ताई, थुंकणं सोपं असतं असा तुझा समज असेल, तर तो काढून टाक. गाडीच्या खिडकीतून थुंकणाऱ्यांना मी आयुष्यभर दम दिला, आणि आता कुणी सन्मानाने नळी पुढे केली तर तोंड कोरडं ठाक. नळीवर रेघ असते, तिथवर भरायचं, आणि फेस धरत नाहीत. माझा सगळा फेसच. बाई म्हणाल्या, लिंबाचा विचार करा. मी एका लिंबापासून सुरुवात केली आणि टोपलीभर लिंबांपर्यंत पोचलो, तेव्हा कुठे रेघ गाठली. हिने पाठ फिरवून दोन मिनिटांत नळी भरून, झाकण लावून परत केली (जादा म्हणून तारीखही घातली).

दोन तासांनी निकाल लागला. मी: सौम्य. ही: गंभीर होण्याची शक्यता.

मी चार दिवस जीव तोडून कण्हलो, ते सगळं पाण्यात. लाळेने केलेला अपमानच हा. मी म्हटलं, नळ्या बदलल्या, पुन्हा घ्या. पुन्हा सौम्य. तिसऱ्या वेळी आजार जरा वर यावा म्हणून मी तीन मजले चढून-उतरून आलो. तरी सौम्यच. वर बाई म्हणाल्या, "तीन मजले चढलात ना, मग कॉम्प्युटरचं बरोबरच आहे."

डॉक्टरांनी हिच्या बोटाला यंत्र लावलं, तर ऑक्सिजन व्यवस्थित. ही म्हणाली, "मला काही झालेलं नाही, यांना घरी न्यायचंय." पण डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "एक दिवस आमच्या नजरेखाली राहा." दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा ऑक्सिजन घसरला, तोही मुकाट्याने, तिच्या स्वभावाप्रमाणे. घरी असती तर माझ्या कण्हण्यात मला कळलंही नसतं. तिथे नर्सने दोन मिनिटांत मास्क चढवला.

पुढचे तीन दिवस मी या पत्रात घेत नाही.

मग मास्क निघाला, आणि हिने काचेपलीकडून पहिली खूण केली ती ही, की शर्टाची बटणं वर-खाली लागली आहेत. ताई, मला काय झालं कुणास ठाऊक. मी स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला रिव्हर्स कसा घ्यायचा ते शिकवलं, लिफ्टमधल्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली, आणि थेट प्रयोगशाळेत जाऊन त्या करड्या डब्यावर हात ठेवून म्हटलं, "मित्रा, तू पास." बाई म्हणाल्या, "तो प्रिंटर आहे. कॉम्प्युटर शेजारचा." मी दोघांनाही पास केलं.

ही काल घरी आली. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. फोनवर मी "आता आपली भेट होते की नाही" असं म्हणालो, ते तू सगळीकडे कळवलंस. परिणामी रविवारी अकरा माणसं मला शेवटचं बघायला येतायत. हिला विश्रांती हवी आहे, त्यांना थांबव. हे पत्र खरं तर त्यासाठीच. कारण काहीही सांग, फक्त मी गेलो असं सांगू नकोस. मग अकराचे चाळीस होतील.

ता. क. (माझा) वन्सं, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं, म्हणून मागच्या बाजूला लिहिते. बाकीच्यांना थांबवा, तुम्ही मात्र या. हे मला पलंगावरून उतरू देत नाहीत आणि स्वयंपाकघरातून जळल्याचा वास येतोय. शिवाय ते अपमानाचं खरं धरू नका. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सांगितलं, की निकालानंतर दोन्ही वेळा नळी भरताना हे त्यांना एकच विचारत होते: "माझं गंभीर निघालं, तर नळ्याच बदलल्या होत्या, मग तिचं सौम्य ना?"